"का हवंय?" आणि "कुठे अडलंय?": काउंटरवरचे दोन प्रश्न

लायब्ररीत नवीन लागलेल्या मुलामुलींना आपण सांगतो की नुसतं कपाटाकडे बोट दाखवू नका, वाचकाशी बोला, आणि मग ती अगदी मनापासून विचारायला लागतात, "का हवंय हे पुस्तक?" गडबड इथेच होते. "का हवंय?" आणि "कुठे अडलंय?" हे प्रश्न वरवर सारखेच वाटतात, दोन्हीला नुसतं हो-नाही म्हणून भागत नाही, पण समोरच्या माणसावर परिणाम मात्र अगदी उलटा होतो.

समजा साठीचे एक काका आले, म्हणाले "सहकार कायद्याचं पुस्तक आहे का?" आपण विचारलं "का हवंय काका?" तर उत्तर येणार "असंच, जरा बघायचं होतं." विषय बंद! मागे रांगेत त्यांच्याच बिल्डिंगमधलं कुणी उभं असेल तर काका काय सांगणार आपल्याला. मग आपण महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम 1960 ची जाडजूड प्रत त्यांच्या हातात देतो, ते दहा मिनिटं चाळतात आणि ठेवून निघून जातात.

तेच जरा आवाज खाली घेऊन विचारा, "काका, यात नेमकं काय शोधताय, कुठे अडलंय?" आता ते म्हणतील, "अहो बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला चाललीय, कमिटी म्हणते बिल्डर आम्ही ठरवला, आता सभेची गरज नाही, असं चालतं का?" बघा, मागितला होता कायदा, पण हवे आहेत कलम 79 (अ) खाली सरकारने काढलेले पुनर्विकासाचे निर्देश, म्हणजे 4 जुलै 2019 चा शासन निर्णय. टेंडर कसं काढायचं, सभेत बिल्डर कसा निवडायचा, हे सगळं त्यात आहे, अधिनियमाची पानं उलटून ते सापडणार नाही. तो काढून प्रिंट दिली की काकांचं काम झालं.

मग ते आधीच असं का नाही बोलले? ग्रंथालयशास्त्राचे अभ्यासक रॉबर्ट टेलर यांनी 1968 मध्येच यावर लिहून ठेवलंय, माणूस काउंटरपर्यंत येतो तोवर त्याने स्वतःचा प्रश्न कापून-छाटून लायब्ररीत काय मिळेल त्या मापाचा केलेला असतो. म्हणून आपल्या कानावर येतं ते फक्त "सहकार कायदा".

आणि "का" ऐकलं की माणूस आणखीनच मिटतो, कारण "का" म्हटलं की कारण द्यावं लागतं, तुम्हाला हे मागायचा हक्क आहे का असं विचारल्यासारखं वाटतं. उशीर का झाला, मार्क कमी का, हेच ऐकत मोठे झालोय ना आपण सगळे. "कुठे अडलंय" हा प्रश्न माणसाबद्दल नाही, त्याच्या कामाबद्दल आहे. ब्रेंडा डर्विन आणि पॅट्रिशिया ड्यूडनी या अभ्यासकांनी 1986 मध्ये अशा प्रश्नांना न्यूट्रल, म्हणजे तटस्थ, म्हटलं आणि तीन धागे दिले: परिस्थिती काय आहे, अडलंय कुठे, आणि माहिती मिळाली की तिचं काय करणार. मला यातला तिसरा सगळ्यात कामाचा वाटतो, कारण उद्याच्या सभेत दाखवायला प्रत हवी असणं आणि स्वतःला समजून घ्यायचं असणं, यात पुस्तकच बदलतं.

अंदाज बांधून विचारणं तर "का" पेक्षाही वाईट, "सोसायटीचं भांडण आहे का?" म्हटलं की भिडेखातर माणूस हो म्हणून मोकळा होतो. मराठीतच पाहिजे का, घरी न्यायचंय का, हे छोटे प्रश्न जरूर विचारा पण शेवटी. घटस्फोट, आजारपण, दारू सोडवणं असे विषय असले तर "कोणत्या प्रकारची माहिती उपयोगी पडेल?" एवढंच पुरे, नाही सांगावंसं वाटलं तर नाही. आणि कुणी पुस्तकाचं, लेखकाचं नाव घेऊन आलं असेल तर आधी पुस्तक काढून द्या, उगाच मुलाखत घेऊ नका.

निघताना "अजून काही?" असं विचारलं की लोक सवयीने नको म्हणतात, त्यापेक्षा "जे पाहिजे होतं ते पूर्ण मिळालं का?" असं विचारा. नाही म्हणाले तर परत बसा त्यांच्याबरोबर, आणि आपल्याकडे नसेलच तर मुंबईत टाउन हॉलची एशियाटिक सोसायटीची लायब्ररी की नायगावचा मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयाचा संदर्भ विभाग, कुठे जायचं आणि तिथे काय मागायचं ते चिठ्ठीवर लिहून द्या.