विम्यापायी अडलेला राजीनामा

दहा-दहा वर्षं एकाच कंपनीत काढणाऱ्या माणसाला आपण निष्ठावान म्हणतो. अमेरिकेत त्याला कधी कधी बायकोचा मधुमेह किंवा मुलाचा दमा थांबवत असतो.

1942 साली, महायुद्धात, तिथे पगारवाढीवर निर्बंध आले. आरोग्यविमा त्यातून सुटला, म्हणून कंपन्या माणसं ओढायला विमा देऊ लागल्या. 1954च्या करकायद्याने त्यावरची करमाफी पक्की केली आणि विमा नोकरीला चिकटला तो चिकटलाच. नोकरी बदलली की नवा विमा जुना आजार काही काळ वगळू शकत असे. या अडकण्याला 'जॉब-लॉक' म्हणतात.

पण ते मोजायचं कसं? विमा असलेले लोक नोकरी कमी सोडतात, एवढ्याने काहीच सिद्ध होत नाही. विमा देणाऱ्या नोकऱ्यांत पगार आणि पेन्शनही बरं असतं. अर्थशास्त्रज्ञ ब्रिजिट मॅड्रियन यांनी 1994 साली यावर काढलेला तोडगा मला फार आवडतो. त्यांनी विवाहित पुरुष घेतले. ज्यांना स्वतःच्या नोकरीतून विमा होता, त्यांतल्या काहींना बायकोच्या नोकरीतूनही संरक्षण होतं. त्यांना राजीनामा देताना विम्याची धास्ती नाही. या दोन गटांच्या नोकरी सोडण्यातला फरक काढा. तरी शंका उरते: बायको विमा असलेली नोकरी करते ती घरं मुळातच वेगळी असतील तर? म्हणून हाच फरक नोकरीतून विमा नसलेल्या पुरुषांतही काढायचा आणि पहिल्यातून वजा करायचा. घरांचा वेगळेपणा दोन्हीकडे सारखा असेल, तर तो गळून पडतो. उरतो तो जॉब-लॉक. उत्तर आलं: स्वेच्छेने नोकरी सोडण्याचं प्रमाण वर्षाला 16 टक्क्यांवरून 12वर, म्हणजे पाव हिस्सा कमी.

पुढच्या काही अभ्यासांत परिणाम दिसलाच नाही, त्यामुळे आकड्यावर वाद आहे. नवऱ्याला नोकरी सोडायचीच आहे म्हणून बायकोने आधी विमा घेतला असेल, तर हिशेब फुगतो. तरीही 'आमचे कर्मचारी खूश आहेत म्हणून टिकतात' या कंपन्यांच्या जाहिरातबाजीवर माझा विश्वास नाही. नुसत्या टिकण्यावरून खुशी कळत नाही.

1986च्या कोब्रा कायद्याने नोकरी सोडल्यावर साधारण 18 महिने जुना विमा ठेवता येऊ लागला, पण कंपनीचा वाटाही स्वतः भरून, वर 2 टक्के खर्च. 2014पासून तिथे जुन्या आजारासाठी विमा नाकारता येत नाही.

आपल्याकडे कंपनीच्या ग्रुप पॉलिसीत जुने आजार बहुधा पहिल्या दिवसापासून धरतात, अनेकदा आईवडीलही. स्वतः नवी पॉलिसी घ्यायची तर जुन्या आजारासाठी 3 वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं. 2024पूर्वी ही मर्यादा 4 वर्षं होती. नवरा-बायको दोघांच्याही ऑफिसची पॉलिसी असलेली घरं पुण्या-मुंबईत आहेतच. मॅड्रियन यांची वजाबाकी इथेही करून पाहता येईल.