नवे स्पीकर बसवले, मग बेस गेला कुठे?

गाडीची सिस्टीम बदलायची म्हणून अ‍ॅक्सेसरीजच्या दुकानात गेलं की पहिलं वाक्य ठरलेलं असतं : "कंपनीचे स्पीकर कागदाचे असतात, ते आधी काढून टाका." बेळगावात हे वाक्य मी इतक्यांच्या तोंडून ऐकलंय की त्यावर एकदा नीट लिहायला हवं, असं बरेच दिवस मनात होतं. त्यात खानापूरचे आमचे एक पाहुणे नवेकोरे साडेसहा इंची स्पीकर बसवून घेऊन आले. वजनदार चुंबक, चकचकीत कोन (म्हणजे हलून आवाज काढणारा शंकूच्या आकाराचा पडदा), किंमतही बरी. आणि तक्रार अशी : "वरचा आवाज झकास येऊलाय, पण तबल्याचा दम गेला बघा. कंपनीचेच बरे होते की ओ."

त्यांचा कान खोटं सांगत नव्हता. बेस खरोखरच कमी झाला होता. चांगला स्पीकर लावल्यावर खालचे स्वर कमी का व्हावेत, हा प्रश्न दिसतो तेवढा साधा नाही. त्याच्या उत्तरात शाळेत शिकलेलं निम्मं भौतिकशास्त्र येतं.

आधी कागदाची बदनामी थांबवू. स्पीकरचा कोन हलका हवा, ताठ हवा आणि त्यानं स्वतःचा सूर मिसळता कामा नये. या तिन्ही कसोट्यांवर दाबलेला कागदी लगदा आजही उत्तम उतरतो, आणि घरात वापरायच्या अत्यंत महागड्या स्पीकरमध्येही तो असतो. कागदाचा शत्रू एकच, ओल. जांबोटी-कणकुंबीच्या पावसात रोज फिरणाऱ्या गाडीच्या दरवाजात पॉलिप्रॉपिलीन या प्लॅस्टिकचा कोन जास्त टिकेल, हे खरं. पण तो टिकाऊपणाचा मुद्दा झाला, आवाजाचा नाही. कंपनीच्या स्पीकरची खरी काटकसर दुसरीकडे असते : चुंबक लहान, कोन हलवणारी तारेची गुंडाळी म्हणजे कॉइल आखूड, सांगाडा प्लॅस्टिकचा, आणि बऱ्याच गाड्यांत एकाच कोनावर खालपासून वरपर्यंतचे सगळे स्वर काढण्याची जबाबदारी.

आता मुख्य गोष्ट. एखादा सुटा स्पीकर मिळाला तर तो हातात धरा आणि त्यावर तबल्याची साथ असलेलं गाणं लावा. आवाज पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा येईल. बायाँचा, म्हणजे डग्ग्याचा, घुमारा जवळजवळ नाहीच. मग जाड पुठ्ठ्याचा मोठा तुकडा घ्या, मधोमध स्पीकरच्या मापाचं भोक पाडा आणि स्पीकर त्या भोकावर घट्ट दाबून धरा. त्याच क्षणी बायाँ बोलू लागतो. स्पीकर तोच, वीज तेवढीच, बदलला फक्त पुठ्ठा.

कोन पुढे सरकतो तेव्हा पुढची हवा दाबली जाते आणि त्याच वेळी मागची विरळ होते. म्हणजे प्रत्येक स्पीकर एकाच वेळी दोन लहरी काढतो, पुढची आणि मागची, आणि त्या एकमेकींच्या बरोबर उलट्या असतात. मागच्या लहरीला कडेनं वळून पुढे यायला वीतभर, म्हणजे साधारण २० सेंटिमीटर, वाट लागते. आवाजाचा वेग सेकंदाला सुमारे ३४३ मीटर धरला तर काळी एकच्या तंबोऱ्याच्या खर्जाची, म्हणजे ६९ हर्ट्झची, तरंगलांबी जवळपास ५ मीटर येते. पाच मीटरच्या लहरीसमोर वीतभर अंतर काहीच नाही. मागची लहर पुढे येते तेव्हाही ती उलटीच असते. दाब आणि विरलन एकमेकांत मिसळतात आणि खर्ज हवेतच विरतो. वरच्या स्वरांचं तसं होत नाही. साडेआठशे हर्ट्झच्या आसपास तरंगलांबी ४० सेंटिमीटर, तिचा निम्मा भाग २० सेंटिमीटर. तिथं मागची लहर पुढे पोचेपर्यंत अर्धा फेरा मागे पडते आणि पुढच्या लहरीला उलट मदत करते. त्याच्या खाली मात्र वारंवारता निम्मी झाली की आवाज सुमारे ६ डेसिबलनं घटत जातो. शंभर हर्ट्झपर्यंत येईतो अशा तीन पायऱ्या उतरलेल्या असतात.

आज आपण वापरतो त्या जातीचा स्पीकर १९२५ साली जनरल इलेक्ट्रिकच्या चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग यांनी मांडला. पुढची आणि मागची हवा वेगळी ठेवणारी फळी स्पीकरला लागतेच, हे त्यांनाही तेव्हाच ठाऊक होतं. घरातल्या स्पीकरला त्यासाठी लाकडी पेटी असते. गाडीत ते काम दरवाजाला करावं लागतं, म्हणून दरवाजा हा स्पीकरचाच भाग समजायला हवा.

आणि तो दरवाजा फळी म्हणून कसा असतो? आतलं प्लॅस्टिकचं डोअर पॅड काढून बघा. आतल्या पत्र्याला तळहातापेक्षा मोठी भोकं असतात, कारण काचेची यंत्रणा बसवायला आणि दुरुस्त करायला हात आत जायला हवा. त्या भोकांवर कंपनीनं काळ्या चिकट गोंदानं प्लॅस्टिकचा कागद चिकटवलेला असतो. तो पाण्यासाठी असतो, पण मागची लहर अडवायलाही थोडी मदत करतो. घाईतला कारागीर वायर ओढण्यासाठी तो टराटरा फाडतो. शिवाय कंपनीचा स्पीकर त्या गाडीच्या भोकासाठीच घडवलेला असतो आणि त्याच्या कडेला फोमची पट्टी असते. बाजारातल्या गोल स्पीकरला मध्ये रिंग लागते. ती नीट बसली नाही तर भोवती बोटभर फट राहते. पाहुण्यांच्या गाडीत हे दोन्ही झालं होतं. पुठ्ठा काढून घेतलेल्या स्पीकरसारखी त्या दरवाजाची अवस्था होती.

फट बुजवली तेव्हा फरक पडला, पण जुना दम पूर्ण परत आला नाही. याचं कारण चुंबकात आहे, आणि हा भाग माझ्या फार आवडीचा.

पुन्हा तोच सुटा स्पीकर घ्या. कोनावर मधोमध बोटानं हलकेच टिचकी मारा. "ठुम्म" असा किंचित रेंगाळणारा आवाज येतो. आता मागच्या दोन्ही टर्मिनलना तारेच्या तुकड्यानं जोडा आणि पुन्हा टिचकी मारा. आवाज "ठप" होतो. स्पीकरमध्ये काहीच बदललं नाही, फक्त तार जोडली. कोनाला चिकटलेली कॉइल चुंबकाच्या फटीत हलते तेव्हा तिच्यात वीज निर्माण होते. शाळेतलं विद्युतचुंबकीय प्रवर्तन ते हेच. मंडल पूर्ण असेल तर प्रवाह वाहतो आणि लेन्झच्या नियमानुसार तो हालचालीलाच विरोध करतो. अँपला, म्हणजे आवाज वाढवणाऱ्या अ‍ॅम्प्लिफायरला, जोडलेल्या स्पीकरमध्ये हा ब्रेक सतत लागलेला असतो, कारण अँपच्या बाजूनं मंडल जवळजवळ थेट जोडलेलंच असतं. चुंबक जितका ताकदवान, तितका हा ब्रेक कडक.

प्रत्येक स्पीकरला स्वतःचा एक अनुनाद असतो. दरवाजातल्या स्पीकरचा बहुधा ५० ते ८० हर्ट्झच्या दरम्यान. त्या वारंवारतेला कोन थोड्याशा धक्क्यानंही मोकळा झुलतो. ब्रेक ढिला असेल तर तिथं आवाज फुगतो, कडक असेल तर दबतो. ऑस्ट्रेलियातल्या नेव्हिल थील यांनी १९६१ मध्ये आणि रिचर्ड स्मॉल यांनी १९७० नंतरच्या काही वर्षांत या सगळ्याचं गणित बसवलं. त्यातलाच एक आकडा चांगल्या स्पीकरच्या माहितीपत्रकात छापलेला असतो, क्यूटीएस. त्याचा अर्थ विलक्षण सोपा आहे : मोठ्या बंद फळीवर बसवलेल्या स्पीकरचा, त्याच्या अनुनादाला आवाजाचा दाब मधल्या स्वरांच्या मानानं किती, ते हा आकडा सांगतो. क्यूटीएस १ असेल तर अनुनादावरही दाब मधल्या स्वरांइतकाच. ०.७ असेल तर ३ डेसिबल कमी. ०.४ असेल तर तब्बल ८ डेसिबल कमी. वजनदार चुंबकाचा स्पीकर मधले स्वर जोरात काढतो आणि अनुनादाजवळ स्वतःला आवरतो, म्हणून कानाला बेस गेल्यासारखा वाटतो. कंपनीच्या लहान चुंबकाचा ब्रेक ढिला असतो, तिथला बेस थोडा सैल आणि फुगीर असतो, पण असतो. दरवाजासाठी स्पीकर घेताना वॅट बघण्याऐवजी क्यूटीएस ०.६-०.७ च्या आसपास आहे का ते बघावं, असं मी म्हणतो ते यासाठी.

थोडं आणखी पुढे जातो. आवाजाचा दाब कोनाच्या त्वरणावर अवलंबून असतो, आणि त्वरण हे विस्थापन गुणिले वारंवारतेचा वर्ग याच्या प्रमाणात असतं. त्यामुळे १०० हर्ट्झला कोन १ मिलिमीटर हलून जेवढा आवाज देतो, तेवढाच ५० हर्ट्झला हवा असेल तर त्याला ४ मिलिमीटर हलावं लागतं आणि २५ हर्ट्झला १६. दरवाजातल्या स्पीकरची कॉइल एवढी सरकतच नाही. ती फटीबाहेर जाते आणि आवाज फाटतो. फार खालच्या स्वरांसाठी कोनाचं क्षेत्रफळच वाढवावं लागतं. सबवूफर, म्हणजे फक्त खालच्या स्वरांसाठीचा स्पीकर, मोठा असण्यामागे हे कारण आहे.

दरवाजाचा पत्रा मिलिमीटरपेक्षाही पातळ असतो आणि मागच्या लहरीनं तोही थरथरतो. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या फाउंड्रीत काम केलेल्या माणसाला इथं काही समजावून सांगावं लागणार नाही. लेथचा बेड बिडाचा ओततात, कारण बिडातल्या ग्राफाइटच्या पापुद्र्यांमध्ये कंपनांची ऊर्जा जिरून जाते. पोलादी पट्टीवर हातोडी मारली तर ती वाजत राहते, बीड बद्द आवाज करून गप्प होतं. दरवाजाच्या पत्र्याला हा गुण बाहेरून द्यायचा असतो. डॅम्पिंग शीटमध्ये ब्यूटिल रबराचा थर आणि वर अ‍ॅल्युमिनियमची पातळ पन्नी असते. पत्रा वाकला की पन्नी आणि पत्रा यांच्यामध्ये रबर ताणलं जातं आणि कंपनाची उष्णता होते. सगळा दरवाजा मढवायची गरज नाही. बाहेरच्या पत्र्याच्या मधल्या मोकळ्या भागावर मोजके तुकडे रोलरनं घट्ट दाबून लावले तरी बराच फरक पडतो. आतली मोठी भोकं मात्र पूर्ण बंद करायची. तवंदी घाट चढताना किंवा हायवेवर वेगात असताना टायरचा आणि रस्त्याचा जो घर्र आवाज आत येतो, त्यातला बराचसा खालच्या वारंवारतेचा असतो आणि तो नेमका बेसच झाकतो. शीटमुळे तोही थोडा उतरतो.

आता गाडीच्या स्टिरिओवर असणाऱ्या "५० वॅट गुणिले ४" या छापाबद्दल. चालू गाडीत बॅटरीच्या तारेवर सुमारे १४.४ व्होल्ट असतात आणि स्पीकरचा रोध ४ ओहम. १४.४ चा वर्ग भागिले ४ केलं की बरोबर ५१.८४ वॅट येतात. आकडा येतो तो असा. पण तो मिळतो आवाज पूर्ण फाटून लहर चौकोनी झाल्यावर. स्वच्छ सुरासाठी त्याच्या निम्मे, २६, आणि ट्रान्झिस्टरमध्ये जाणारा भाग वजा केला तर वीसच्या आसपास वॅट उरतात. ग्राहकाला हे सांगायला हवं. दुसरा प्रकार, बाण छापलेल्या महाग वायरचा. "बाणाच्या दिशेनं लावली की आवाज खुलतो" म्हणे. स्पीकरला जाणारी वीज सेकंदाला शेकडो-हजारो वेळा दिशा बदलते, तिला बाण कळत नाही. दीड चौरस मिलिमीटरच्या साध्या तांब्याच्या वायरचा पाच मीटर अंतरासाठीचा जाण्या-येण्याचा रोध ०.१२ ओहमपेक्षाही कमी भरतो आणि नुकसान पाव डेसिबलचं. नव्या गाडीला लिंबू-मिरची बांधण्याइतकाच या बाणाला आधार आहे, आणि पैसे मात्र हजारांत जातात.

ट्वीटरबद्दल, म्हणजे वरच्या स्वरांसाठीच्या लहान स्पीकरबद्दल, थोडक्यात. साडेसहा इंची कोन दोन-अडीच हजार हर्ट्झच्या वर आवाज सगळीकडे पसरवत नाही, समोर सरळ फेकतो, आणि दरवाजात समोर असतात आपले गुडघे. म्हणून ट्वीटर वेगळा, आरशाजवळच्या कोपऱ्यात किंवा खांबावर बसवलेला बरा. सुळेभावीत जन्मलेल्या कुमार गंधर्वांचं एखादं ध्वनिमुद्रण लावून पाहा. तंबोऱ्याच्या जवारीचं तेज वर येतं की पायाजवळ घुटमळतं, ते लगेच कळतं.

काम करून घेताना उभे राहून दोन-तीन गोष्टी बघा. वायर कापू देऊ नका, गाडीच्या मूळ जोडणीत बसणारा कपलर मिळतो; कापलेल्या वायरवरून वॉरंटीचा वाद होतो. दोन्ही बाजूंचे प्लस-मायनस एकसारखे आहेत का ते दीड व्होल्टच्या सेलनं तपासता येतं : सेलचं प्लस टोक स्पीकरच्या प्लसला क्षणभर टेकवलं की कोन बाहेर उसळायला हवा. एका दरवाजात उलटं जोडलं गेलं तर डावा कोन पुढे आणि उजवा मागे जातो आणि गाडीभर तीच रद्दबातल होण्याची क्रिया सुरू होते. आणि शीट लावताना दरवाजाच्या तळाची भोकं अजिबात बुजू देऊ नका. काचेच्या कडेनं पावसाचं पाणी आत शिरतंच, ते खालून वाहून जावं म्हणून ती ठेवलेली असतात. काम संपल्यावर काच वर करून बाहेरून काचेच्या पट्टीवर तांब्याभर पाणी ओता आणि ते दरवाजाखालून ठिबकतंय ना ते बघूनच डोअर पॅड लावायला सांगा.