हॉस्पिटल आणि हॉस्पिस: भांडण नेहमी सलाईनवरूनच का होतं?

कॅन्सर पसरलेला मित्र हॉस्पिसमध्ये, म्हणजे बऱ्या न होणाऱ्या आजाराच्या शेवटच्या टप्प्यात त्रास कमी करणाऱ्या केंद्रात, दाखल झाला की ग्रुपवर पहिला प्रश्न ठरलेला: "तिथे डॉक्टर असतात ना?" असतात. नर्स असतात, औषधंही असतात. हॉस्पिसला वृद्धाश्रम समजणारे मला अजून भेटतात. तिथे इंजेक्शन देऊन 'मोकळं करतात' असं कुजबुजणारेही भेटतात. तसं करणं आपल्याकडे गुन्हा आहे, तेव्हा हा विषय इथेच संपवू. देशातलं पहिलं हॉस्पिस, वांद्र्याचं शांती अवेदना सदन, १९८६ साली सुरू झालं. पुण्यात वारज्याला सिप्लाचं केंद्र १९९७ पासून आहे. एवढी वर्षं झाली तरी आपले गैरसमज जिथल्या तिथेच.

हॉस्पिटल सगळ्यांना पाठ आहे, त्याचं वर्णन करत नाही. हॉस्पिसमध्ये रोज रक्त काढत नाहीत, उशाशी मॉनिटर टिकटिकत नाही, नातेवाइकांना जवळ बसू देतात, बऱ्याच ठिकाणी पैसेही घेत नाहीत. हे फरक पहिल्या भेटीतच लक्षात येतात.

अडतं ते सलाईनपाशी. "दोन दिवस पोटात काही नाही, निदान सलाईन तरी लावा!" हे म्हणणारा माणूस प्रेमानेच म्हणतो. पण तो हॉस्पिटलचा हिशेब इथे लावत असतो. जुलाब झाले, ऑपरेशन झालं, की शरीरातलं पाणी कमी पडतं. ते भरून काढलं की माणूस उठून बसतो. आजाराच्या अगदी शेवटी क्रम उलटा असतो. खाणं सुटलं म्हणून शरीर थकत नाही; शरीर थांबत आलंय म्हणून खाणं सुटतं. तेव्हा भुकेने जीव कासावीस होतोय असं आपल्याला वाटतं, पण बहुतेकांना भूक लागतच नाही. वरून चढवलेलं पाणी शरीराला नीट वापरता येत नाही. ते पायांत उतरू शकतं, पोटात आणि फुफ्फुसात साचू शकतं, धाप लागू शकते, घशातली घरघर वाढू शकते.

आणि त्या बाटलीत 'ताकद' असते हा समज तर कधी एकदाचा जाईल असं झालंय. अर्ध्या लिटर नॉर्मल सलाईनमध्ये साडेचार ग्रॅम मीठ असतं, बाकी पाणी. पाच टक्के ग्लुकोजच्या तेवढ्याच बाटलीत पंचवीस ग्रॅम साखर. म्हणजे चहाचे पाचेक चमचे.

म्हणून हॉस्पिसमध्ये सलाईन वर्ज्य असतं का? मुळीच नाही. उलट्यांनी कोरडा पडलेला, अजून हिंडता-फिरता पेशंट असेल तर लावतीलही. पोटात पाणी भरून श्वास कोंडत असेल तर ते काढतील. हाडातल्या दुखण्यासाठी रेडिएशनलाही पाठवतील. उपाय तेच, फक्त ते करायचे की नाही हे ठरवणारा प्रश्न वेगळा. हॉस्पिटलात विचारतात, याने आजार हटेल का, रिपोर्ट सुधारेल का? इथे विचारतात, याने त्याला आज बरं वाटेल का? 'आता काहीच करत नाहीत' अशी तक्रार करण्याआधी नर्सने दिवसभरात काय काय केलं ते बघा: कूस बदलणं, जखमेची ड्रेसिंग, तोंडाची स्वच्छता, दर चार तासांनी दुखण्यावरचं मॉर्फिन.

मॉर्फिनने माणूस लवकर जातो ही भीतीही अशाच गैरसमजातून येते. ते दुखायची वाट न पाहता, घड्याळाप्रमाणे द्यायचं असतं. पहिले दोन-तीन दिवस गुंगी वाटते, मग बहुतेकांची उतरते. बद्धकोष्ठता मात्र राहते, म्हणून सोबत पोट साफ होण्याचं औषध असतंच. मापात, हळूहळू वाढवत दिलेलं मॉर्फिन मृत्यू ओढून आणत नाही. अमली पदार्थांवरच्या १९८५ च्या कडक कायद्यामुळे ते मिळणंच अवघड झालं होतं. २०१४ च्या दुरुस्तीने वाट थोडी मोकळी झाली.

पॅलिएटिव्ह केअर, म्हणजे आजाराचा त्रास कमी करणारे उपचार, आणि हॉस्पिस यांचाही घोळ घालतात. पॅलिएटिव्ह उपचार केमो चालू असतानाही, अगदी निदानापासून घेता येतात आणि घ्यावेतच. हॉस्पिस हा त्यातला शेवटचा टप्पा. तोही कायम खाटेवरचाच असतो असं नाही. दुखणं आटोक्यात आलं की काही जण घरी जातात, आणि काही संस्थांची माणसं घरीच येऊन बघतात.

भेटायला जाल तेव्हा "तू फायटर आहेस, लढ" हे कृपा करून बाहेर ठेवा. पपईच्या पानांचे फॉरवर्डही. मित्र बराच वेळ झोपलेला असेल, मध्येच असंबद्ध बोलेल. त्याला दुरुस्त करू नका. तोंड कोरडं पडणं हा त्याचा खरा त्रास असतो, तेव्हा नर्सला विचारून ओल्या गॉजने ओठ टिपा, मागेल तर चमचाभर पाणी द्या. घास भरवू नका. ठसका लागून अन्न श्वासनलिकेत जातं. डबा न्यायचाच असेल तर रात्रभर जागलेल्या वहिनींसाठी न्या, आणि त्या जेवेपर्यंत खाटेपाशी तुम्ही बसा.