वैमानिकाची टोपी: तलावावरून टर्मिनलमध्ये

कॉकपिटमध्ये टोपी घालून कुणी बसत नाही. कानांवर हेडसेट चढवायचा तर रुंद घेराची ती कडक टोपी आधी उतरवावी लागते. मग ती सीटमागच्या हुकाला लटकते किंवा बॅगेवर पडून राहते. मुंबईहून दिल्लीला निघालेल्या कॅप्टनच्या डोक्यावर ती असते टर्मिनलच्या दारापासून विमानाच्या दारापर्यंत, आणि उतरल्यावर तेवढीच पुन्हा. उन्हाळ्याच्या दिवसांत आतली घामपट्टी कपाळावर लालसर वळ उठवते, तेवढीच काय ती तिची खूण. ही टोपी आता हवी का, हा वाद गेल्या पंधरा-वीस वर्षांत बऱ्याच देशांत झाला आणि एका देशात तो सर्वोच्च कामगार न्यायालयापर्यंत गेला. टोपी मुळात कुणासाठी आली, हे माहीत असल्याशिवाय तो वाद कळत नाही.

सुरुवातीच्या वैमानिकाला ही टोपी ठाऊकच नव्हती. उघड्या कॉकपिटमध्ये वारा आणि इंजिनाचे तेल तोंडावर यायचे, म्हणून चामड्याचे शिरस्त्राण आणि गॉगल. पण १९३० च्या सुमाराला पैसे मोजून बसणारा प्रवासी आला आणि चामड्याच्या जाकिटातला माणूस त्याला धाडसी वाटला तरी भरवशाचा वाटेना. कॅरिबियन आणि दक्षिण अमेरिकेकडे उडणाऱ्या एका अमेरिकन कंपनीने यावर जो तोडगा काढला तो सगळ्या जगाने उचलला. तिची मोठी विमाने पाण्यावर उतरणारी होती. १९३१ मध्ये तिच्या ताफ्यात आलेले सिकॉर्स्की एस-४० हे तर जवळपास उडती बोटच. त्या काळी समुद्रापलीकडे जायचे म्हणजे आगबोटीने, आणि आगबोटीच्या कप्तानावर लोकांचा विश्वास होता. कंपनीने तो विश्वास सगळ्या सरंजामासकट उचलला. गडद निळा कोट, बाहीवर सोनेरी पट्टे, पांढऱ्या माथ्याची टोपी, ‘कॅप्टन’ आणि ‘फर्स्ट ऑफिसर’ ही पदे, वेगाला ‘नॉट’, नोंदवहीला ‘लॉग’. उडत्या बोटीवर नांगर खरोखरचा असायचा, धक्क्याला दोरही बांधावा लागायचा. त्यामुळे टोपी तिथे उपरी वाटली नसणार.

आपल्याकडेही या बोटी उतरत. लंडनहून येणाऱ्या ब्रिटिश कंपनीच्या एम्पायर फ्लाइंग बोटी १९३० च्या दशकाच्या अखेरीस कराचीहून पुढे उदयपूरजवळच्या राजसमंद तलावावर यायच्या आणि ग्वाल्हेर, अलाहाबाद करत कोलकात्याला जायच्या. समुद्रापासून इतक्या आत, मेवाडातल्या तलावावर आगबोटीवरच्या थाटाचे अधिकारी उतरताना पाहून काठावरच्या लोकांना काय वाटले असेल, हा विचार माझ्या मनातून जात नाही. भारतीय कंपनीची सुरुवात मात्र अगदी साध्या वेशात झाली. १५ ऑक्टोबर १९३२ ला कराचीहून टपाल घेऊन निघालेले एक इंजिनी पस मॉथ विमान अहमदाबादमार्गे जुहूला उतरले, तेव्हा प्रवासी कुणी नव्हताच. पावसाळ्यात जुहूचे मैदान पाण्याखाली जाई, मग सगळे बिऱ्हाड पुण्याला येरवड्याकडे हलायचे. चिखलात उतरून टपालाच्या पिशव्या देणाऱ्या माणसाला सोनेरी पट्टीच्या टोपीची गरज नव्हती. प्रवासी आले तसा रुबाब आला.

इथे शब्दांबद्दल थोडे. मराठेशाहीच्या कागदपत्रांत युरोपीय व्यापाऱ्यांना ‘टोपीकर’ म्हटले आहे आणि कचेरीतल्या शिपायाला आपण कालपरवापर्यंत ‘पट्टेवाला’ म्हणत होतो. पेहरावावरून माणसाचा हुद्दा ओळखणे आपल्या भाषेत मुरलेले आहे. बोटीवरच्या माणसांसाठी कोकणात तांडेल आणि नाखवा हे शब्द होतेच. विमानात मात्र आला तो इंग्रजी ‘कॅप्टन’, आणि टोपीला वैमानिक मंडळी ‘कॅप’ म्हणत राहिली.

दुसऱ्या महायुद्धाने टोपीचा आकार बिघडवला आणि तिला नवी प्रतिष्ठा दिली. अमेरिकन हवाई दलातल्या वैमानिकांनी टोपीच्या आतली ताठ कडी काढून टाकली, म्हणजे वरून हेडसेट बसवता येई. दाबामुळे टोपी दोन्ही बाजूंनी मऊ पडायची आणि ती चेपलेली टोपी म्हणजे पुष्कळ मोहिमा केल्याचा दाखला ठरली. टोपी आणि हेडसेट यांचे जमत नाही, हे तेव्हाच कळून चुकले होते. युद्ध संपल्यावर हे वैमानिक हजारोंच्या संख्येने प्रवासी कंपन्यांत आले. भारतात तर स्वस्तात मिळालेल्या युद्धकालीन डाकोटा विमानांवर कितीतरी कंपन्या उभ्या राहिल्या. जून १९४८ मध्ये मुंबईहून कैरो-जिनिव्हामार्गे लंडनला कॉन्स्टेलेशन विमान गेले आणि १९५३ मध्ये सरकारने या कंपन्या ताब्यात घेतल्या. तोवर टोपीचा शिष्टाचार पक्का झाला होता. कॅप्टनला चार पट्टे, फर्स्ट ऑफिसरला तीन, आणि बऱ्याच कंपन्यांत कॅप्टनच्या टोपीच्या व्हायझरवर, म्हणजे पुढच्या झापेवर, सोनेरी पानांची नक्षी. पुढची चाळीसेक वर्षे यावर कुणी प्रश्न केला नाही.

प्रश्न आले ते स्वस्त तिकिटांबरोबर. १९९० च्या दशकात युरोपात कमी दराच्या कंपन्या निघाल्या. त्यांतल्या कित्येकांनी टोपी घेतलीच नाही, काहींनी टायही सोडला. अमेरिकेत अनेक कंपन्यांनी टोपी ऐच्छिक केली. याच काळात तिथल्या वैमानिकांना टोपीचा एक वेगळाच उपयोग सापडला. पगाराच्या वाटाघाटी अडल्या की सगळ्यांनी मिळून टोपी घालायची नाही. विमान वेळेवर सुटते, प्रवाशाला त्रास होत नाही, पण व्यवस्थापनाला संदेश पोचतो. संप करणे कायद्याने अवघड असलेल्या क्षेत्रात हे साधन मला फार सभ्य वाटते. त्यातून एक गोष्ट मात्र उघड झाली, की टोपी उतरवल्याने उड्डाणात काही बदलत नाही. २००१ च्या सप्टेंबरमधल्या अमेरिकेतल्या विमान-हल्ल्यांनंतर कॉकपिटचा दरवाजा चिलखती झाला आणि उड्डाणादरम्यान बंद राहू लागला. प्रवाशाला वैमानिक दिसण्याची जागा उरली ती टर्मिनल आणि विमानाचे दार एवढीच. टोपीच्या बाजूने बोलणारे याच मुद्द्यावर भर देतात: दिसायला इतकाच वेळ उरला आहे तर त्या वेळात तो नीट दिसू दे. हा मुद्दा वजनदार आहे.

पण हा युक्तिवाद खरा तपासला गेला तो जर्मनीत. तिथल्या सर्वांत मोठ्या विमान कंपनीत गणवेशाचे नियम व्यवस्थापन आणि कर्मचारी प्रतिनिधी यांच्यातल्या लेखी कराराने ठरलेले होते. पुरुष वैमानिकाच्या गणवेशात टोपी होती आणि विमानतळाच्या लोकांना खुल्या असलेल्या भागात ती घालणे बंधनकारक होते. स्त्री वैमानिकांना ती घालण्याची मुभा होती, सक्ती नव्हती. त्यांच्या पूर्ण गणवेशात टोपीची गणतीच नव्हती. डिसेंबर २००९ मध्ये एक वैमानिक न्यूयॉर्कच्या उड्डाणासाठी टोपीविना हजर झाला आणि कंपनीने त्याला त्या उड्डाणावरून काढले. वरिष्ठांशी बोलून मिटले असते, असे बाहेरून वाटते. त्याने मात्र दावा लावला: माझ्या शेजारच्या सीटवरची सहकारी तेच विमान, तेच काम करते, मग ही सक्ती मला एकट्यालाच का?

पहिल्या न्यायालयाने त्याचे म्हणणे मान्य केले. कोलोनच्या अपिली न्यायालयाने २०१२ मध्ये निकाल फिरवला. टोपी हा वैमानिकाच्या परंपरागत प्रतिमेचा भाग आहे आणि ती प्रतिमा पुरुषाची आहे, अशा धर्तीचा तो विचार होता. स्त्रियांच्या केशरचनेचाही मुद्दा निघाला होता. मला हा निकाल वाचताना अस्वस्थ वाटते, कारण त्यात इतिहासालाच कारण बनवले आहे. पूर्वी स्त्रिया नव्हत्या, म्हणून टोपी पुरुषांची, आणि टोपी पुरुषांची म्हणून आजही नियम वेगळा. त्या कंपनीच्या कॉकपिटमध्ये स्त्रिया १९८० च्या दशकाच्या अखेरीस आल्या होत्या. म्हणजे दावा उभा राहिला तेव्हा वीसेक वर्षे लोटली होती आणि चित्र अजून जुनेच धरले जात होते.

एर्फुर्ट इथल्या संघीय कामगार न्यायालयाने ३० सप्टेंबर २०१४ ला हा निकाल रद्द केला. त्यांची मांडणी लक्षात ठेवण्याजोगी आहे. गणवेशात स्त्री-पुरुषांसाठी फरक असूच शकत नाही, असे न्यायालय म्हणाले नाही. फरक असेल तर तो गणवेशाच्या हेतूशी जुळला पाहिजे, असे म्हणाले. सगळ्यांचा पोशाख एकसारखा असावा आणि लोकांना वैमानिक ओळखू यावा, हा हेतू मानला, तर स्त्री वैमानिकही तितकीच ओळखू यायला हवी. म्हणून हा भेद समान वागणुकीच्या तत्त्वाला धरून नाही. लिंगभेदविरोधी कायद्याचाही भंग झाला का, यात शिरायची गरजच न्यायालयाला पडली नाही. या निकालाची ‘टोपी घालण्याची सक्ती बेकायदा’ अशी थोडक्यात नोंद पुष्कळ ठिकाणी सापडते, ती चूक आहे. टोपी सर्वांना सक्तीची केली असती तर हा दावा याच मुद्द्यावर टिकला नसता. दोष होता तो एकाला सक्ती आणि दुसरीला सूट यात. आणि ही सूट वरवर सवलत दिसली तरी मला ती स्त्रियांवरचाच अन्याय वाटते. तुमच्याकडे पाहून कुणाला कॅप्टन आठवणार नाही, तेव्हा टोपी नसली तरी चालेल, असे ती सूट सांगत होती.

भारतातल्या वाचकाला हे जास्त जवळचे वाटावे, कारण आपल्याकडे स्त्री वैमानिकांचे प्रमाण जगाच्या सरासरीच्या दुपटीहून अधिक आहे. १९८५ मध्ये कोलकाता–सिलचर मार्गावर फोकर फ्रेंडशिप विमान केवळ स्त्री कर्मचाऱ्यांनी नेले, तेव्हा त्याच्या कमांडर एक मराठी बाई होत्या. आजही टोपी नसलेल्या स्त्री वैमानिकाला प्रवासी सर्रास हवाईसुंदरी समजून पाणी मागतात, ही तक्रार या क्षेत्रात नेहमी ऐकू येते. तिच्यासाठी टोपी ही परंपरा राहत नाही, ओळखपत्र होते. टोपी ऐच्छिक करा म्हणताना मी स्वतः इथेच अडखळतो.

पगडीचा प्रश्न मात्र आपल्याकडे फारसा वादाचा झाला नाही. १९१७ मध्ये ब्रिटिश सैन्याच्या रॉयल फ्लाइंग कोअर या विमानदलात गेलेल्या पहिल्या भारतीय वैमानिकाने पगडीवर बसेल असे मोठे शिरस्त्राण मुद्दाम करून घेतले होते. पुढे हवाई दलात आणि प्रवासी सेवेत शीख वैमानिकांची पगडी हीच गणवेशाचा भाग झाली. टोपीवाचून कॅप्टनचा अधिकार कमी होत नाही, याचे उदाहरण शंभर वर्षे आपल्या डोळ्यांसमोर आहे.

टोपी हा विषय कंपनीच्या गणवेश-पुस्तिकेतला आहे, तिचा उड्डाणाच्या सुरक्षिततेशी संबंध येतो तो फक्त उलट बाजूने. उड्डाणापूर्वी वैमानिकांपैकी एकजण खाली उतरून विमानाभोवती फेरी मारतो. टायर, ब्रेक, इंजिनाची पाती, कुठे गळती, सगळे डोळ्यांखालून घालतो. त्या वेळी अंगात चमकदार जाकीट असते आणि कानांवर आवाज अडवणारे कप हवेत, ते टोपीवर नीट बसत नाहीत. वाऱ्याने उडालेली टोपी धावपट्टीवरच्या कचऱ्यासारखीच धोक्याची, शेजारचे इंजिन सुरू असेल तर ती आत ओढली जाऊ शकते. म्हणून बहुतेकजण फेरीला निघताना टोपी सीटवर ठेवून जातात. जुलैत मुंबईच्या पावसात ते भिजलेल्या डोक्याने वर येतात, रुमालाने केस पुसतात आणि हेडसेट चढवतात. टोपी पुन्हा डोक्यावर येते ती दिल्लीला दार उघडून प्रवासी उतरायला लागल्यावर.