जहाजावरच्या बॅटऱ्या, ब्लॅकआउट आणि बत्ती साब: हे सगळं आलं कुठनं

सांगली-साताऱ्यापासून समुद्र लांब, मधे अख्खा सह्याद्री, तरी आपल्याकडची पोरं बोटीवर जातात. इलेक्ट्रिकलची डिग्री झाली की चार महिन्यांचा ईटीओ कोर्स करायचा आणि इलेक्ट्रो टेक्निकल ऑफिसर म्हणून जहाजावर चढायचं, तिथं त्यांना सगळे बत्ती साब म्हणतात. तशी सांगलीची समुद्राशी ओळख जुनीच म्हणायला हवी. इथल्या १९४७ साली सुरू झालेल्या इंजिनिअरिंग कॉलेजला १९५५ पासून ज्यांचं नाव आहे त्या वालचंद हिराचंदांच्या सिंधिया कंपनीचं एस एस लॉयल्टी हे जहाज ५ एप्रिल १९१९ ला मुंबईहून लंडनला निघालं, आणि त्याच तारखेला आपण राष्ट्रीय सागरी दिन पाळतो.

तर हे बत्ती साब ज्या बॅटऱ्या सांभाळतात, दर आठवड्याला इमर्जन्सी जनरेटर चालवून बघतात, वह्या भरतात, ते सगळं का करावं लागतं याच्या मागं जवळजवळ १८० वर्षांचा इतिहास आहे आणि त्यातलं बरंच माणसं मेल्यावर शिकलेलं आहे.

सुरुवात उलटी झाली. म्हणजे बोटीवर वीज आली तीच मुळी बॅटरीवर, जनरेटर नंतर आला. १८३९ च्या सुमारास रशियात मोरिट्झ याकोबी नावाच्या शास्त्रज्ञानं सेंट पीटर्सबर्गला नेवा नदीत विजेच्या मोटरवर बोट चालवून दाखवली. पण त्या बॅटरीतलं जस्त झिजून संपायचं आणि परत चार्ज करायची सोयच नव्हती, त्यामुळं पैशाचा हिशोब काही बसला नाही. १८५९ मध्ये फ्रान्सच्या गास्तों प्लांते यांनी शिशाची, परत चार्ज होणारी बॅटरी केली आणि १८८१ मध्ये कामीय फोर यांनी प्लेटवर पेस्ट लावायची पद्धत काढली. आज आपल्या घरात इन्व्हर्टरखाली जी बॅटरी आहे ना, तिची केमिस्ट्री हीच, शिसं, शिशाचा ऑक्साइड आणि गंधकाचं ॲसिड, एका सेलला २ व्होल्ट, सहा सेलची १२ ची बॅटरी आणि अशा दोन जोडल्या की २४, जहाजावर बॅटरीचा सप्लाय बहुतेक करून २४ व्होल्टचाच असतो.

पण बॅटरी नीट कामाला यायला लागली तोवर डायनामो आला. १८८० मध्ये एस एस कोलंबिया या अमेरिकन जहाजावर एडिसनचे दिवे लागले, वाफेवर फिरणाऱ्या डायनामोवर, आणि मग पुढची कितीतरी वर्षं बॅटरी कोपऱ्यात गेली. त्या काळात सुरक्षेची समज फारशी नव्हतीच. ब्रिटिश नौदलाच्या एचएमएस इन्फ्लेक्झिबलवर ८०० व्होल्टची डीसी, म्हणजे एकाच दिशेनं वाहणाऱ्या विजेची, यंत्रणा बसवली होती, १८८२ मध्ये तिचा शॉक लागून एक माणूस गेला, तेव्हा कुठं नौदलानं व्होल्टेज ८० वर आणलं. सुरुवातीच्या काही जहाजांत तर एकच वायर टाकून परतीचा रस्ता म्हणून जहाजाचं लोखंडी अंगच वापरायचे, ती पद्धत आता मोठ्या जहाजांवर नियमानंच बंद आहे.

खरा धडा मिळाला तो टायटॅनिकमुळं. हा भाग लोकांना फारसा माहीत नसतो, हिमनग आणि लाइफबोटी एवढंच माहीत असतं. टायटॅनिकवर ४०० किलोवॅटचे चार डायनामो होते, १०० व्होल्ट डीसी, आणि त्याशिवाय ३० किलोवॅटचे दोन इमर्जन्सी डायनामो वरच्या बाजूला, पाण्याच्या रेषेच्या वर बसवलेले. वायरलेस सेटला बॅटरीचा बॅकअप वेगळा. १५ एप्रिल १९१२ च्या पहाटे २ वाजून २० मिनिटांनी जहाज बुडालं आणि दिवे जवळजवळ शेवटच्या दोन-तीन मिनिटांपर्यंत चालू होते. खालचे इंजिनिअर आणि इलेक्ट्रिशियन यातला एकही वाचला नाही. त्या दिव्यांमुळं लाइफबोटी उतरवता आल्या, वायरलेसवरनं हाक जात राहिली. मला विचाराल तर जहाजावरच्या विजेच्या इतिहासात यापेक्षा मोठं काम कुणी केलेलं नाही.

त्यानंतर १९१४ मध्ये सोलास, म्हणजे समुद्रावर माणसांचे जीव वाचावेत म्हणून केलेला आंतरराष्ट्रीय करार झाला आणि तो वाढत वाढत आजच्या रूपाला आला. आज नियम असा की मेन पॉवर गेली तर इमर्जन्सी जनरेटर ४५ सेकंदांच्या आत आपोआप सुरू होऊन लोड घेतला पाहिजे, मालवाहू जहाजावर तो १८ तास आणि प्रवासी जहाजावर ३६ तास चालेल एवढी सोय पाहिजे, आणि प्रवासी जहाजावर मधल्या काळासाठी अर्धा तास पुरेल अशी बॅटरी वेगळी पाहिजे. शिवाय हा जनरेटर इंजिनरूममध्ये ठेवायचा नाही, वरच्या डेकवर, वेगळ्या जागी. हे का, ते सांगलीकराला समजवायची गरज नाही, २०१९ च्या पुरात सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी साडेसत्तावन्न फुटांवर गेलं तेव्हा तळमजल्यावर इन्व्हर्टर असलेल्यांना आणि माडीवर असलेल्यांना फरक कळलाच.

दुसऱ्या महायुद्धानंतर जहाजं हळूहळू डीसीवरनं एसीवर, म्हणजे घरात येते तसल्या विजेवर आली, बहुतेक ठिकाणी ४४० व्होल्ट ६० हर्ट्झ. घरात आपण न्यूट्रल अर्थ करतो, जहाजावर बहुतेक वेळा करत नाहीत, कारण एका ठिकाणी अर्थ फॉल्ट झाला, म्हणजे वायर जहाजाच्या लोखंडी अंगाला लागली, म्हणून स्टिअरिंगची मोटर ट्रिप होऊन चालणार नाही. म्हणून मग पॅनेलवर अर्थ फॉल्टचे दिवे किंवा मीटर असतात आणि ते रोज बघायचे असतात, कारण पहिला फॉल्ट गप्प बसतो आणि दुसरा आला की मग गडबड होते.

बॅटरी कोपऱ्यात गेली म्हटलं खरं, पण पाणबुडीत ती कधीच कोपऱ्यात गेली नाही. १८८८ मध्ये स्पेनची पेराल आणि फ्रान्सची जिमनोत या दोन पाणबुड्या बॅटरीवरच पाण्यात उतरल्या. आपली आताची आयएनएस कलवरी घ्या, २०१७ ची, तिच्यात ३६० सेल आहेत आणि एकेक सेल ७५० किलोचा. एवढी शिशाची बॅटरी चार्ज होताना हायड्रोजन सोडते, आणि हवेत हायड्रोजन ४ टक्क्यांवर गेला की ठिणगी पुरते. समुद्राचं पाणी सेलमध्ये शिरलं तर क्लोरीन तयार होतो, तो आणखी वेगळा धोका. २०१० मध्ये विशाखापट्टणमला आयएनएस सिंधुरक्षकच्या बॅटरी कंपार्टमेंटमध्ये आग लागून एक नौसैनिक गेला, कारण नौदलानं सांगितलं ते बॅटरीच्या सदोष व्हॉल्व्हमधनं गळलेला हायड्रोजन. साताऱ्यातल्या कितीतरी घरांतली माणसं फौजेत आणि नौदलात आहेत, त्यांना या बातमीचा अर्थ वेगळा लागतो.

म्हणूनच मालवाहू जहाजाच्या बॅटरीरूममध्ये सुद्धा व्हेंटिलेशन बंद ठेवायचं नाही, आत स्पार्क होणारा स्विच नाही, आणि सिलिंगखाली हवा अडकेल अशी जागा नको, कारण हायड्रोजन वर जाऊन बसतो. पाणी टाकायचं ते डिस्टिल्डच. हायड्रोमीटरनं ॲसिडची घनता बघायची, साधारण १.२५ ते १.२८ म्हणजे भरलेली, १.१२ च्या खाली म्हणजे बॅटरी मेल्यात जमा, तशीच पडून राहिली तर प्लेटवर सल्फेट घट्ट बसतं आणि मग कितीही चार्ज करा परत येत नाही. नंतर सीलबंद बॅटऱ्या आल्या आणि त्यांच्यावर मेंटेनन्स फ्री असं लिहिलेलं असतं, त्या शब्दानं फार नुकसान केलंय असं माझं स्पष्ट मत आहे. पाणी टाकायचं नाही एवढाच त्याचा अर्थ, व्होल्टेज, टर्मिनल, गरमी, फुगलेला बॉक्स हे बघायलाच लागतं. रेडिओसाठीच्या बॅटरीचं तर १९९९ पासून जीएमडीएसएस, म्हणजे संकटातल्या जहाजानं रेडिओवरनं मदत मागायची जागतिक यंत्रणा, पूर्ण लागू झाल्यावर ठरूनच गेलंय, इमर्जन्सी जनरेटर नियमात बसत असेल तर १ तास आणि नसेल तर ६ तास पुरली पाहिजे, आणि तिची क्षमता वर्षातनं एकदा तरी तपासायची.

एवढं सगळं असून काय होऊ शकतं ते २६ मार्च २०२४ ला बाल्टिमोरला दिसलं. डाली नावाचं कंटेनर जहाज, बहुतेक खलाशी भारतीय, पुलाजवळ आलं आणि ब्लॅकआउट झाला, जहाज पुलाच्या खांबावर गेलं, पुलावर काम करणारे सहा कामगार गेले. अमेरिकन तपास यंत्रणेनं शेवटी काढलं ते हे की कंट्रोलची एक वायर टर्मिनलमध्ये पूर्ण बसली नव्हती, कारण तिच्या टोकाजवळ लावलेली लेबलची पट्टी मधे येत होती. ही बातमी ईटीओ होणाऱ्या प्रत्येक पोरानं पूर्ण वाचावी, टर्मिनल ओढून बघणं हे काम किती मोठं आहे ते त्यात आहे.

आणि आता बॅटरी कोपऱ्यातनं परत मधे आलीय. २०१५ मध्ये नॉर्वेत अँपिअर ही फेरी साधारण १००० किलोवॅट-तासाच्या लिथियम बॅटरीवर गाड्या-माणसं घेऊन फ्योर्ड, म्हणजे डोंगरात शिरलेली समुद्राची खाडी, ओलांडायला लागली. लिथियममध्ये हायड्रोमीटर नाही, डिस्टिल्ड वॉटर नाही, पण धोका गेला असं अजिबात नाही. ऑक्टोबर २०१९ मध्ये नॉर्वेच्याच इटेरोयनिंगेन फेरीत कूलिंगचं पाणी गळून बॅटरीला आग लागली आणि दुसऱ्या दिवशी साठलेल्या गॅसचा स्फोट झाला. त्यावेळी बॅटरी यंत्रणेतनं वेगळी करून ठेवली होती, त्यामुळं तिच्याकडनं येणाऱ्या सूचना कुणापर्यंत पोचत नव्हत्या. मग तिथल्या सागरी खात्यानं सांगितलं की बॅटरीपॅक आणि कंट्रोल यंत्रणा यांचा संपर्क चालू असल्याशिवाय बोट काढू नका.

आपल्या देशात केरळनं आघाडी घेतली. जानेवारी २०१७ पासून वैकमला आदित्य ही ७५ माणसांची सोलर बोट चालते, छतावर २० किलोवॅटची पॅनेल आणि ५० किलोवॅट-तासाची बॅटरी, आणि एप्रिल २०२३ ला कोचीत बॅटरीवरच्या बोटींची वॉटर मेट्रो सुरू झाली. हे वाचलं की मला कोयना धरणाचा शिवसागर जलाशय आठवतो. बामणोली, तापोळ्याच्या लाँचा आणि गाड्या पलीकडं नेणारा तराफा डिझेलवर, आणि आजूबाजूला व्याघ्र प्रकल्पाचं जंगल. तिथं किनाऱ्यावर चार्जिंगची जेटी बांधणं सोपं नाही कारण उन्हाळ्यात पाणी कितीतरी मीटर खाली जातं आणि किनारा आत सरकतो, पण छतावरची पॅनेल बोटीबरोबर खाली जातात, त्यामुळं आदित्यसारखी बोट तिथं बसू शकते. पावसाळ्यात ढग महिनोन्महिने हटत नाहीत तेव्हा सोबत एक छोटा डिझेल जनरेटर लागेल, आणि बॅटरी दमट हवेत कशी ठेवायची हे माहीत असलेला माणूस बामणोलीतच राहणारा लागेल, साताऱ्याहून बोलावून चालणार नाही.