बंदुकीची दारू, रिकामी पुंगळी आणि सोलापूरचा परवाना

परदेशातले नेमबाज काडतुसांच्या रिकाम्या पुंगळ्या घरी पुन्हा भरतात. पिस्तुलासाठी एक दारू, रायफलसाठी दुसरी, अशी निवड ते दुकानाच्या फळीवरून करतात. सोलापूर जिल्ह्यातल्या परवानाधारकांच्या गप्पांत हा विषय निघाला की ‘आपल्याकडे चालत नाही’ एवढ्यावर बोलणे थांबते. का चालत नाही याचे कारण मात्र एका कलमात सापडत नाही. रसायनशास्त्र, इंग्रजांची भीती आणि 1959 चा एक निर्णय या तिन्ही गोष्टी त्यात गुंतलेल्या आहेत.

या भागाला दारू नवी नाही. विजापूरची मुलूख-ए-मैदान तोफ अहमदनगरला ओतली गेली आणि विजापूरला जाण्यापूर्वी काही काळ परांड्याच्या किल्ल्यात होती. सोलापूरचा भुईकोट 1818 च्या मे महिन्यात इंग्रजांच्या तोफांपुढे पडला. सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेत होम मैदानावर शोभेचे दारूकाम आजही होते. तोफेत, बंदुकीत आणि दारूकामात मूळ माल एकच होता: सोरा, गंधक आणि कोळसा यांची काळी दारू. निवड करायची ती दाण्याची. तोफेला जाड दाणा, हातातल्या बंदुकीला बारीक आणि कानात, म्हणजे बत्ती लागते त्या जागी, टाकायला त्याहून बारीक. दाणा जितका बारीक तितकी दारू चटकन पेटते, हे जाणकाराला पुरेसे होते. माप थोडे चुकले तर धूर वाढे, खांद्याला धक्का जास्त बसे, पण चांगली बंदूक तेवढे सहन करी.

1884 मध्ये फ्रान्समध्ये रायफलीला चालणारी बिनधुराची दारू तयार झाली आणि हे सगळे बदलले. नायट्रोसेल्युलोजवर आधारलेल्या या दारूची ताकद काळ्या दारूच्या सुमारे तिप्पट. तिचा जळण्याचा वेगही कारखान्यात ठरवता येऊ लागला. दाण्याचा आकार, त्याला आरपार पाडलेले भोक, वरून चढवलेला लेप यांनी ती मंद किंवा जलद करता येते. आज ज्याला दारूची निवड म्हणतात तिचा जन्म इथला. पिस्तुलाची नळी आखूड आणि पुंगळी लहान, म्हणून तिथे जलद जळणारी दारू लागते. मंद दारू तिथे अर्धवट जळून नळीबाहेर आगीचा लोळ होऊन पडते. रायफलीची पुंगळी मोठी, गोळी जड, नळी लांब, तेव्हा दाब हळूहळू चढवणारी मंद दारू हवी. हीच पिस्तुलाची जलद दारू रायफलीच्या पुंगळीत गेली तर दाब एका झटक्यात चढतो आणि नळीच्या मागचा भाग फुटू शकतो. जळण्याच्या वेगाचे जे तक्ते छापले जातात त्यांत फक्त क्रम असतो, कोणती कोणापेक्षा जलद एवढाच. त्यावरून माप काढता येत नाही, तरी लोक काढायला जातात.

दारूत नायट्रोग्लिसरीन हा स्फोटक द्रव घातला की ताकद वाढते आणि नळी लवकर झिजते. ब्रिटिश सैन्याच्या पहिल्या कॉर्डाइटमध्ये, म्हणजे तिथल्या बिनधुराच्या दारूत, ते 58 टक्के होते. बोअर युद्धानंतर ते 30 टक्क्यांवर आणले गेले, कारण नळ्या लवकर खराब होत होत्या. त्याच सुमारास निलगिरीतल्या अरुवनकाडूला कॉर्डाइटचा कारखाना उभा राहिला. भारतात बिनधुराची दारू अशी सरकारी कुंपणाच्या आत जन्मली आणि अजून बऱ्याच अंशी आतच आहे.

मधल्या काळात शॉटगनच्या, म्हणजे छर्रे उडवणाऱ्या बंदुकीच्या, दुनियेत एक घोटाळा झाला. त्याचे अवशेष अजून काडतुसांच्या खोक्यांवर दिसतात. शिकारी काळी दारू वजन करून भरत नसत, पितळी मापाने भरत. माप ड्रॅम या जुन्या इंग्रजी एककात. नवी दारू विकायची तर त्याच मापात बसायला हवी, म्हणून 1860 च्या दशकात प्रशियात लाकडापासून बनलेली दारू मुद्दाम फुगीर ठेवली गेली. तेवढ्याच मापात काळ्या दारूएवढाच परिणाम. पुढे दाट दारू आल्या. त्या थोड्याशा जागेत पुष्कळ ताकद बाळगतात. जुने माप घेऊन दाट दारू भरणाऱ्यांच्या बंदुका फाटल्या. कारखान्यांनी मग खोक्यावर ‘अमुक ड्रॅमच्या बरोबरीचे’ असे छापायला सुरुवात केली. या आकड्याचा आतल्या दारूच्या वजनाशी संबंध नाही. एवढ्या काळ्या दारूने छर्र्यांना जो वेग मिळाला असता तो यातून मिळेल, इतकेच त्यातून कळते. ठासणीच्या, म्हणजे नळीच्या तोंडातून भरायच्या, बंदुकीत बिनधुराची दारू कधीच घालायची नाही, हा नियम याच अपघातांतून आला.

घरी पुंगळ्या भरण्याचा छंद अमेरिकेत फोफावला तो दुसऱ्या महायुद्धानंतर. 20 मिलिमीटर तोफेच्या गोळ्यांतून काढलेली मंद दारू शिल्लक म्हणून कवडीमोलाने बाजारात आली आणि एका विक्रेत्याने ती टनांनी घेऊन डब्यांत विकली. त्या एका शिलकी दारूभोवती लांब पल्ल्याच्या रायफलींची अख्खी पिढी वाढली. भारतात अशी शिल्लक कधी बाजारात आली नाही. युद्ध इथूनही लढले गेले होते, पण सरकारने दारू नागरिकांना विकण्याचा प्रश्नच नव्हता.

का नव्हता, हे पाहायला 1878 च्या शस्त्र कायद्याकडे जावे लागते. त्या कायद्याने हिंदी माणसाला परवान्याखाली आणले आणि गोऱ्यांना बव्हंशी मोकळे सोडले, हे सर्वांना ठाऊक आहे. त्यानंतरची गोष्ट कमी सांगितली जाते. 20 व्या शतकाच्या पहिल्या दशकात .450 इंच व्यासाच्या शिकारी रायफली आणि त्यांची काडतुसे भारतात आणायला बंदी झाली. भीती अशी की त्या काडतुसांतल्या गोळ्या उपटून लोक जुन्या लष्करी मार्टिनी-हेन्री रायफलींच्या पुंगळ्यांत बसवतील. म्हणजे घरी काडतूस भरण्याच्या शक्यतेनेच एक अख्खा व्यास देशाबाहेर ठेवला. सैन्याची .303 सुद्धा नागरिकाला मिळत नव्हती, म्हणून नागरी बाजारात .315 आली. ती आजही इशापूरच्या सरकारी कारखान्यातून येते आणि सोलापूरच्या परवान्यांवर दिसते.

मिठाच्या सत्याग्रहाआधी 1930 च्या जानेवारीत सरकारपुढे ज्या 11 मागण्या मांडल्या गेल्या, त्यांत स्वसंरक्षणासाठी शस्त्रपरवाने द्यावेत ही एक होती. त्याच वर्षी मे महिन्यात सोलापुरात लष्करी कायदा लागू झाला आणि 12 जानेवारी 1931 ला चार सोलापूरकर येरवड्यात फासावर गेले. या शहरात शस्त्राचा विषय निघाला की बोलण्याचा सूर बदलतो, त्याचे एक कारण हे असावे.

स्वातंत्र्यानंतर 1959 चा कायदा आला आणि 1 ऑक्टोबर 1962 पासून लागू झाला. गुंता खरा इथे आहे. कलम 13 मध्ये तीन प्रकारच्या अर्जदारांना परवाना द्यावा असे म्हटले आहे. पहिला, संरक्षण किंवा खेळासाठी किमान 20 इंच नळीची, आत आटे (गोळीला फिरकी देणाऱ्या खाचा) नसलेली बंदूक मागणारा नागरिक. दुसरा, पीकसंरक्षणासाठी ठासणीची बंदूक मागणारा शेतकरी. तिसरा, मान्यताप्राप्त रायफल क्लबचा सभासद, ज्याला सरावासाठी .22 किंवा एअर रायफल हवी आहे. ठासणीची बंदूक पुरणार नाही असे अधिकाऱ्याला वाटले तर शेतकऱ्याला दुसरी आटे नसलेली बंदूक देता येते. करमाळा, माढा, मोहोळ या पट्ट्यात रानडुकरांनी उभे पीक लोळवले की याच तरतुदीचा आधार घेतला जातो. काळविटाचा उपद्रव असला तरी 1972 च्या वन्यजीव कायद्यामुळे त्याच्यावर बंदूक चालत नाही, ही वेगळी अडचण.

ठासणीची बंदूक म्हणजे प्रत्येक बाराला माणूस स्वतः दारू मोजतो, गजाने ठासतो, छर्रे घालतो, ठिणगी देणारी टोपी बसवतो. कायद्याने हे गृहीत धरूनच तिला परवान्यात जागा दिली. शेजारच्या घरी बारा बोअरची, म्हणजे काडतुसाची, बंदूक असलेल्याने तेच काम एका रिकाम्या पुंगळीत केले तर ते काय म्हणायचे? कलम 5 प्रमाणे दारूगोळ्याच्या उत्पादनाला स्वतंत्र परवाना लागतो. कायद्यात दारूगोळ्याची व्याख्याही पसरट आहे. बंदुकीत भरायची दारू, तिची साधने, काडतुसाचे सुटे भाग, एवढेच काय, दारूगोळा बनवण्याची यंत्रसामग्री हीसुद्धा दारूगोळाच. पुंगळी दाबून बसवायचे हातयंत्र, जे अमेरिकेत टपालाने येते, ते इथे या व्याख्येत सापडते.

एक पक्ष म्हणतो, पुंगळी माझी, बंदूक माझी, परवाना माझा, विक्री नाही, तेव्हा हे उत्पादन नव्हे, वापराची तयारी आहे. जुन्या शिकारी घरांत साठच्या दशकापर्यंत कागदी काडतुसे भरण्याची साधने राजरोस असत, असा दाखलाही दिला जातो. दुसरा पक्ष म्हणतो, परवान्यावर एका वेळी किती आणि वर्षाला किती काडतुसे हा आकडा लिहिलेला असतो. घरी भरायची मुभा दिली तर त्या आकड्याला अर्थ उरत नाही. पहिला युक्तिवाद भावनेला पटतो, दुसरा कायद्याच्या रचनेला. मोजणीवर उभ्या असलेल्या पद्धतीत मोजता न येणारे काडतूस बसत नाही. प्रशासनाने दुसरी बाजू धरली यात आश्चर्य नाही. ठासणीच्या बंदुकीला दिलेली सूटही मुळात तिच्या दुबळेपणामुळे होती. एक बार काढायला बराच वेळ जातो आणि पावसात दारू भिजली की ती चालतही नाही, म्हणून तिच्या दारूची कोणाला भीती वाटली नाही.

शस्त्र कायदा ओलांडला तरी 1884 चा स्फोटक कायदा उभा असतो. त्याच्या नियमांत काळी दारू पहिल्या वर्गात, नायट्रो संयुगे तिसऱ्यात, दारूगोळा सहाव्यात आणि फटाके सातव्यात. घरच्या टेबलावर काडतूस भरायचे म्हटले तर एकाहून जास्त वर्ग एकत्र येतात. 1 जानेवारी 2023 ला बार्शी तालुक्यातल्या फटाका कारखान्यात स्फोट होऊन कामगार महिलांचा जीव गेला, तेव्हापासून घरात दारू ठेवण्याबद्दल जिल्ह्यात कोणी सैलपणे बोलेल असे वाटत नाही.

शिवाय माल कुठे आहे? बिनधुराची दारू अरुवनकाडू, भंडारा, इटारसी इथल्या सरकारी कारखान्यांत होते आणि डब्यात भरून दुकानात येत नाही. खडकीच्या सरकारी कारखान्याची शक्तिमान काडतुसे तयार भरून येतात. जिल्ह्यातली नेमबाज मुले एअर रायफल आणि .22 वर सराव करतात. .22 ची पुंगळी कडेने पेटते, ती घरी पुन्हा भरता येत नाही. पॅरिसला 2024 मध्ये कोल्हापूरच्या नेमबाजाने 50 मीटर रायफलमध्ये कांस्य मिळवले, तेही याच काडतुसावर.

उन्हाचा मुद्दा मात्र तयार काडतुसांनाही लागू आहे. सोलापुरात एप्रिल-मेमध्ये पारा 43-44 अंशांवर जातो. उष्णतेने बिनधुराच्या दारूचा दाब वाढतो, आणि वर्षानुवर्षे तापत राहिली तर ती आतून बिघडते. म्हणूनच तिच्यात स्थिरक, म्हणजे बिघाड लांबवणारे रसायन, घालतात. तापमानाने कमी बदलणाऱ्या दारू अलीकडे ऑस्ट्रेलियात निघाल्या आहेत, पण इथे खोक्यावर दारूचे नावही नसते. पत्र्याच्या कपाटात ठेवलेली दहा वर्षांपूर्वीची काडतुसे चालवावीत का, हा प्रश्न इथल्या परवानाधारकाला कोणत्याही निवडीपेक्षा जवळचा आहे.

अलीकडच्या बदलांनी दार आणखी ओढून घेतले. 2016 च्या नियमांनी 1962 चे नियम बाद केले. 2019 च्या दुरुस्तीने बेकायदा उत्पादनाची किमान शिक्षा 7 वर्षे केली, कमाल जन्मठेप. ज्यांना पुंगळी भरणे म्हणजे फक्त छंद वाटत होता, त्यांच्यासाठी या एका ओळीने वाद संपला. त्याच दुरुस्तीने परवान्याची मुदत 3 वरून 5 वर्षे झाली आणि एका माणसाकडे राहू शकणाऱ्या बंदुका 1983 पासूनच्या तीनवरून दोनवर आल्या. वारसाने आलेल्या शस्त्रांनाही ही मर्यादा लागू आहे. तिसरे शस्त्र जमा करायला एक वर्ष मिळाले, आणि ज्यांच्याकडे आजोबांची ठासणीची, वडिलांची बारा बोअर आणि स्वतःचे रिव्हॉल्वर होते, त्यांना कोणते द्यायचे हे ठरवावे लागले.