घन पदार्थांतील आंतरिक घर्षण व प्रावस्था-संक्रमण

कंप पावणाऱ्या घन पदार्थाची ऊर्जा आतल्या आत उष्णतेत मुरते, त्या क्रियेला आंतरिक घर्षण म्हणतात. काशाची घंटा बराच वेळ घुमते, कारण तिच्यात ही मुरवणूक फार थोडी. तशीच घंटा शिशाची केली तर ‘थप्’ करून गप्प बसेल. एका आवर्तनात मुरलेल्या ऊर्जेला साठलेल्या कमाल ऊर्जेने आणि पुन्हा २ पायने भागले की आंतरिक घर्षणाचे माप मिळते. ते मोजण्याचे जुने साधन म्हणजे तारेला पीळ देऊन सोडायचा लोलक. चिनी भौतिकशास्त्रज्ञ गे टिंगसुई यांनी १९४७ साली असाच लोलक वापरून ॲल्युमिनियमच्या कणसीमांमधले, म्हणजे धातूतल्या बारीक स्फटिककणांच्या सांध्यांमधले, घर्षण मोजले.

पदार्थ एका स्फटिकरचनेतून दुसरीत जात असताना, म्हणजे प्रावस्था-संक्रमण होताना, हे घर्षण एकदम उसळते. त्या वेळी दोन्ही रचना शेजारी शेजारी नांदतात आणि त्यांच्यामधली सीमा प्रत्येक कंपनागणिक थोडी पुढे-मागे सरकते. या ओढाताणीत ऊर्जा खर्ची पडते. तापमानागणिक घर्षणाचा आलेख काढला की त्यावर जे शिखर दिसते ते मात्र सगळे पदार्थाचे नसते. तापमान जितक्या घाईने बदलावे तितके शिखर उंच, आणि कंपने जितकी जलद तितके ते ठेंगणे. तापमान एका जागी धरून ठेवले तर त्याचा बराचसा भाग ओसरतो. म्हणून तापवण्याचा वेग आणि कंपनसंख्या न सांगता नुसती शिखराची उंची देणे म्हणजे भाव सांगायचा, पण किलोचा की क्विंटलचा ते सांगायचे नाही.

निकेल-टायटॅनियमच्या निटिनॉल या मिश्रधातूत दोन रचनांच्या घर्षणातला फरक कानाने ऐकता येतो. समजा, एखादी कांडी तापताना ४० अंश सेल्सिअसपाशी आणि निवताना २० अंशांच्या खाली रूप बदलते. पौषातल्या पहाटे जळगावात पारा १० अंशांवर असताना ती फरशीवर टाकली तर आवाज बद्द येईल: आत मार्टेन्साइट, म्हणजे निवल्यावर तयार होणारी स्फटिकरचना, आणि त्यातल्या जुळ्या (एकमेकांच्या आरशातल्या प्रतिमेसारख्या) स्फटिकांच्या सीमा सैल. तीच कांडी मे महिन्यात भुसावळच्या ४४ अंशांच्या दुपारी खणखणेल. रात्री पारा ३० अंशांवर उतरला तरी खणखणतच राहील, कारण परतीची वाट २० अंशांच्या खाली सुरू होते. जाण्या-येण्याच्या तापमानांतील या अंतराला शैथिल्य म्हणतात. निकेलचे प्रमाण किंचित जरी बदलले तरी ही तापमाने कित्येक अंशांनी सरकतात.

खानदेशातला लोहार कुऱ्हाडीला पाणी देतो, तेव्हाही पात्याच्या धारेत मार्टेन्साइटच तयार होते. लालभडक पाते पाण्यात बुडवून ‘चर्र’ झाले की काही सेकंदांत काम संपते. घर्षण मोजायचे म्हटले तर तेवढ्या वेळात लोलक नीट झुलतही नाही. शिवाय निटिनॉलमधले रूपांतर नुसते तापवून उलटते, तसे हे उलटत नाही. पुन्हा ऊब दिली की कार्बन वेगळा पडू लागतो आणि पोलाद नरमते. लोहार पाणी दिल्यावर पाते पुन्हा थोडे शेकतो, ते याचसाठी.

मँगनीज-तांब्याच्या मिश्रधातूत जुळ्या सीमांचे घर्षण मुद्दाम वाढवलेले असते. काही पाणबुड्यांना पुढे ढकलणारे पंखे अशा धातूचे केले गेले, ते आवाज कमी व्हावा म्हणून.